मयताचे आप्पा

आमच्या विद्यापीठातल्या सार्वजनिक आरोग्य संशोधन विभागाचा इतिहास मी लिहिलेला आहे. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ, सुरुवातीला कुलगुरूंचा शुभेच्छा संदेश आणि शेवटी आजी-माजी कर्मचाऱ्यांची यादी. विभागाच्या वर्धापनदिनाला ती पुस्तिका निघाली आणि आलेल्या प्रत्येकाला पेढ्याबरोबर एकेक दिली गेली. त्या पुस्तिकेत सरांवर साडेतीन ओळी आहेत. बाकीची पुस्तिका मी महिन्याभरात हातावेगळी केली, या साडेतीन ओळींना मात्र दुप्पट वेळ लागला. आणि एवढं करून त्यातली शेवटची अर्धी ओळ खोटी आहे.

सर म्हणजे विभागाच्या ग्रामीण पाहणीचे प्रमुख. शिरूर आणि दौंड तालुक्यांतली काही गावं आमच्या विभागाकडे होती. तिथे कोण जन्मलं, कोण गेलं, आणि विशेष म्हणजे किती तान्ही मुलं गेली आणि कशानं, हे घरोघर जाऊन नोंदवायचं, असं ते काम. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी समाजकार्याची पदवी घेऊन तिथे फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणून लागले. शिरूरला एसटी स्टँडच्या मागे दोन खोल्यांचं ऑफिस होतं. विद्यापीठात त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत, आम्ही सर म्हणायचो आणि गावांत त्यांचं नाव होतं 'मयताचे आप्पा'. घरात मूल गेलं की महिना-दीड महिन्यात हा माणूस दारात उभा राहणारच, म्हणून. केंदूरच्या एका म्हातारीनं तर त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "आप्पा, तुमी आलात की माझ्या पोटात गोळा येतो. एकदा नुसतं च्या प्यायला या की." त्यानंतर सर दर दिवाळीत तिच्याकडे नुसता चहा प्यायला जात आणि त्या दिवशी कागदाची पिशवी ऑफिसात ठेवून जात.

उंच, पाठीत जरा वाकलेले, डोक्यावर कापडी टोपी आणि बुडाखाली लुना. ती लुना चालवताना मी त्यांना जितकं पाहिलं त्यापेक्षा ढकलताना जास्त पाहिलं. चढ आला की उतरायचे, वाळू आली की उतरायचे, आणि समोरून ओळखीची बाई आली तरी उतरायचे. शिरूर तालुक्यात ओळखीच्या बाया इतक्या होत्या की माझ्या मते ती लुना पेट्रोलवर चालतच नव्हती.

त्यांचा पहिला नियम असा की ज्या घरचं पाणी प्यायलो नाही, त्या घरचं उत्तर लिहायचं नाही. मी पुण्याची, त्यातून पेठेतली. पहिल्या दिवशी उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन गेले होते. सरांनी ती हातातून घेतली, शांतपणे एका लिंबाच्या बुंध्यात ओतली आणि रिकामी बाटली मला परत दिली. सार्वजनिक आरोग्याचा एवढा मोठा अभ्यासक, आणि बारा महिने पोट बिघडलेलं. विभागातल्या डॉक्टरीणबाई त्यांना औषधाच्या गोळ्या देताना रागवायच्या, की लोकांना उकळून प्या सांगता आणि स्वतः हे काय करता. सर म्हणायचे, पोट बिघडतंय ते माझं, काम नाही बिघडत.

नव्या मुलींना ते महिनाभर फॉर्मच देत नसत. नुसतं जाऊन बसायचं आणि परत येऊन सांगायचं. मी पहिल्या घरून आले तेव्हा त्यांनी विचारलं, तिथे कोंबड्या किती होत्या? मी म्हटलं, मोजल्या नाहीत. ते म्हणाले, "समोर फिरणाऱ्या कोंबड्या तुला दिसल्या नाहीत, मग गेलेली लेकरं कुठनं दिसायची?" मला राग आला होता. समाजकार्याच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेली मुलगी मी, आणि हा माणूस मला कोंबड्या मोजायला लावत होता. पण पुढचे कित्येक दिवस मी मुकाट्यानं कोंबड्या, शेळ्या, चुली आणि दोरीवरची लुगडी मोजत होते, आणि नंतर ते डोळ्यांना आपोआप जमायला लागलं.

'डेटा' हा शब्द त्यांना खपत नसे. कुणी 'डेटा कलेक्शन' म्हटलं की ते कपाळाला हात लावायचे. "कलेक्शन करायला त्या काय देवळात पैसे टाकतायत? त्या सांगतात, आपण ऐकतो." म्हणून आमच्या फॉर्मच्या समासात मोकळी जागा सोडलेली असे. बाई जे बोलली ते तिथे जसंच्या तसं लिहायचं, तिच्या शब्दांत. आपलं शुद्ध मराठी त्यात घुसवलेलं दिसलं की ते फॉर्म परत करायचे.

एकदा त्यांना कुरकुंभच्या कारखान्यात काम करणारा एक बिहारी मजूर गाठायचा होता. त्याची बायको मूल गेल्यावर गावी निघून गेली होती. सर शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोर उभे राहिले, बरोबर मी. वॉचमनला ते विम्याचे एजंट वाटले, कामगारांना युनियनचे. सरांचं हिंदी म्हणजे मराठीला शेवटी 'है' लावलेलं. त्या हिंदीत त्यांनी त्या माणसाला मुलाबद्दल विचारलं. तो हातातला डबा घेऊन रस्त्याकडेला बसला आणि कितीतरी वेळ बोलत राहिला. इथे आल्यापासून हे आपल्याला कुणी विचारलंच नव्हतं, असं तो म्हणाला. त्याची कंपनीची बस निघून गेली. मग सरांनी त्याला लुनावर बसवलं, आणि अर्थातच थोड्या वेळानं दोघं मिळून ती ढकलत खोलीपर्यंत गेले.

आता त्या मुख्य गोष्टीकडे यायला हवं. मी ती लांबवते आहे, हे मला कळतंय.

सरांनी विभागाला जे नाव मिळवून दिलं ते 'दुसऱ्या भेटी'मुळे. आमच्या गावांत, विशेषतः वस्त्यांवर, पाचवी पूजायच्या आत मूल गेलं तर ते कुणी मोजत नसे. त्याला नाव नसतं, त्याचं काही करायचं नसतं, सासू म्हणते विसर. सरकारी माणूस दारात येऊन 'मुलं किती' म्हणाला की बाई हयात असलेली मुलं सांगते आणि आत जाते. सर म्हणायचे, "पहिलं उत्तर पाहुण्याला मिळतं, दुसरं माणसाला." म्हणून पहिल्या भेटीतलं उत्तर पेन्सिलीनं लिहायचं. तीन आठवड्यांनी परत जायचं, पाणी प्यायचं, बसायचं, आणि विचारायचं, पोटात किती राहिली, हाती किती आली आणि आज अंगणात किती आहेत. मग बाई सांगायची. ते पेननं लिहायचं. कुठल्याच सरकारी वहीत नसलेली कितीतरी मुलं अशी आमच्या कागदावर आली. बाई आपलं मूल विसरत नाही, आपण नीट विचारत नाही, एवढ्या एका विश्वासावर त्यांचं सगळं काम उभं होतं.

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वैशाखात केंदूरजवळच्या एका धनगर वस्तीवरची अकरा घरं माझ्याकडे होती. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारी, आता शेती करणारी माणसं. पहिल्या भेटी मी नीट केल्या. त्यातल्या एका घरी शालन नावाची माझ्याच वयाची बाई होती. तिनं पाणी दिलं आणि दोन मुलं सांगितली. धाकटं चार वर्षांचं, तिथेच खेळत होतं. पण शालनच्या चोळीचा पुढचा भाग ओला होता. तिनं पदर ओढून घेतला. ते मी पाहिलं आणि मला कळलं. पेन्सिलीनं 'दोन' लिहून मी उठले.

दुसऱ्या भेटींच्या वेळी मी पाबळला आमच्या भाड्याच्या खोलीत होते. वस्तीवर जायला केंदूरच्या फाट्यापासून चालायला लागायचं आणि ऊन मी म्हणत होतं. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला तेव्हा बरं नव्हतं. मला बरं होतं. मला शालनपुढे बसायचं नव्हतं, एवढंच. ती काय सांगणार ते मला माहीत होतं आणि ते ऐकायचा मला कंटाळा आला होता. हो, कंटाळाच. त्या वर्षात अशी गेलेली मुलं मी इतकी ऐकली होती. मी पंखा लावला, अकरा फॉर्म मांडीवर घेतले आणि पेन्सिलीवरून पेन फिरवला. अर्ध्या तासाचं काम झालं.

त्याच वेळी विभागात नवे प्रमुख आले होते. त्यांना एवढ्या फेऱ्या, एवढा एसटीचा प्रवास, हे सगळं जुनाट वाटत होतं. त्यांनी बाहेरच्या दोन बायका नेमून आमची काही घरं पुन्हा तपासायला लावली. त्यात ती वस्ती निघाली. शालनच्या सासूनं त्या बायकांना सहज सांगून टाकलं, की चैतात पोरगा झाला आणि चौथ्या दिवशी गेला. आमच्या फॉर्मवर मात्र दोन्ही भेटींत दोनच मुलं, आणि खाली माझी सही.

चौकशी समितीपुढे बोलावलं तेव्हा सर माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. प्रमुखांनी सरळच विचारलं, की या बाई तिथे गेल्या तरी होत्या का. मी काही बोलायच्या आत सर माझ्याकडे वळले. "गेली होतीस ना?"

"हो सर," मी म्हणाले.

ते समितीला म्हणाले की माझी मुलगी गेली होती म्हणते, म्हणजे गेली होती, आता आपण त्या बाईलाच विचारू. 'माझी मुलगी' असं ते आम्हा सगळ्यांनाच म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वस्तीवर गेलो. शालननं घोंगडी अंथरली, पाणी आणलं. सरांनी तिला मुलाबद्दल विचारलं. तिनं सगळं सांगितलं, किती दिवसांचा होता, कसा थंड पडत गेला. मग सरांनी विचारलं की दुसऱ्यांदा ही बाई आली तेव्हा हे का नाही सांगितलंस.

"दुसऱ्यांदा कुनी आलंच न्हाई, आप्पा."

मी म्हणाले, "आले होते की मी. तुम्ही मागच्या बाजूला शेळ्यांना पाला घालत होतात. तीन शेळ्या, त्यातली एक अजून न व्यालेली पाठ होती."

शेळ्या मला पहिल्या भेटीतल्या आठवत होत्या. मोजायची सवय सरांनीच लावली होती. शालननं माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या फॉर्मची घडी घालत आणि उलगडत होते आणि ते तिला दिसत होतं. ती मला धड ओळखत नव्हती, मी तिच्यासाठी काही केलेलं नव्हतं. तरी तिनं मान खाली घातली.

"आल्या आसतील. तवा माझं कशातच ध्यान नव्हतं, आप्पा. बाईंना काय बोलू नका."

सरांनी तिचं वाक्य समासात लिहून घेतलं, जसंच्या तसं.

केंदूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना सरांनी शेंगदाण्याची एक पुडी घेऊन मला दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसऱ्यांदा विचारलेलंही बाईला जर आठवत नसेल, तर मी इतकी वर्षं काय लिहीत होतो?" तेव्हा बोलायची वेळ होती. एसटी यायला अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात मी शेंगदाणे खाल्ले, हे मला आजही लख्ख आठवतं.

समितीला त्यांनी आपल्या हातानं लिहून दिलं, की दुसऱ्या भेटीतही माहिती मिळेलच असं नाही, आपला भरवसा चुकीचा होता. दुसरी भेट बंद झाली. लोकांनी सांगितलं, एका घरचं एवढं काय मनाला लावून घेता. पण त्यांच्या दृष्टीनं ते एक घर नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांनी नोकरी सोडली आणि दौंडला आपल्या वडिलांच्या घरी राहायला गेले. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ झालं. आभाराचं भाषण मी केलं आणि चांगलं केलं, असं सगळे म्हणाले.

मी पुढे चढत गेले. त्यानंतर कधी खोटा फॉर्म भरला नाही, पण त्याचं श्रेय मला देऊ नये. मला फॉर्म भरायचं कामच उरलं नाही, दुसऱ्यांचे तपासायचं होतं. घरी बसून फॉर्म भरले म्हणून दोन मुलींना मी कामावरून काढलंसुद्धा. कडक बाई म्हणून नाव झालं. त्या मुलींना काढताना माझा आवाज जरासुद्धा कापला नव्हता, हे सांगताना आता लाज वाटते.

आणि मग दोन हजार सालानंतर कधीतरी त्या वर्धापनदिनाच्या पुस्तिकेचं काम आलं. सगळ्या माजी लोकांचे फोटो हवे होते. सर फोटो पाठवत नव्हते, म्हणून मी स्वतःच दौंडला गेले. बरोबर मजकुराची प्रत होती. रेल्वे वसाहतीच्या मागे जुनं बैठं घर. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, चहा केला. सर फार वाळले होते, पण डोळे तसेच. त्यांनी माझी प्रत घेतली आणि आपल्या ओळी शोधून काढल्या. तिथे मी लिहिलं होतं की दोन भेटींची पद्धत तपासणीत उपयुक्त न ठरल्याने पुढे बंद करण्यात आली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. चष्मा काढून त्यांनी तो मांडीवर ठेवला. मग म्हणाले की एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. नोकरी सोडायच्या आधी केंदूरच्या बाजारात ती शालन त्यांना दिसली होती. आप्पा, आप्पा म्हणून हाका मारत मागून आली होती. सरांनी लुना थांबवली नव्हती. "राग धरला मी तिच्यावर. तिनं माझं काम बुडवलं असं वाटलं मला. मूल गेलेली बाई, आणि मी तिच्यावर राग धरला. त्याची फार लाज वाटते, पोरी."

हे ऐकल्यावर मला गप्प बसवेना. मी सगळं सांगितलं. खोली, पंखा, पेन, शेळ्या. काकू दारात उभ्या राहिल्या होत्या, त्या आत निघून गेल्या. सरांनी एकच प्रश्न विचारला, की ते एकच घर का अकराही. मी म्हटलं, अकराही. मी रडत होते आणि माफी मागत होते. त्यांनी मला रडू दिलं.

"माझी कशाला माफी मागतेस?" ते शेवटी म्हणाले. "मी शिकलेला माणूस आहे, माझं मी बघून घेईन. खोटी पडली ती. तू तिला खोटं पाडलंस आणि मी ते लिहून घेतलं. मला आता एवढा प्रवास झेपत नाही. तू जा आणि तिला सांग, की तीच खरं बोलली होती. आप्पांनी सांगायला पाठवलंय म्हणून सांग."

मी जाते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

पुण्याला येऊन पहिलं काम केलं ते त्या ओळीचं. 'उपयुक्त न ठरल्याने' खोडलं. तिथे 'पद्धतीत दोष नव्हता, चूक माझी होती' असं लिहून पाहिलं, बरेच दिवस ते टेबलावर ठेवलं, आणि छपाईला जाताना केलं, 'प्रशासकीय कारणांमुळे'. तेच आज छापलेलं आहे.

केंदूरला मी आजवर गेलेले नाही. पुण्याहून तिथे जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येतं. शालन तिथे आहे की नाही, हेही मला माहीत नाही. मी दौंडला गेले त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर सर गेले.

त्याआधी त्यांचे दोन फोन आले होते. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं, जाऊन आलीस का, आणि मी म्हटलं की पुढच्या आठवड्यात जाते, इथे फार काम आहे. दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. काकूंनी आधी मला सांगितलं की दवाखान्यातून कालच आणलंय, जास्त बोलू नका. मग सर फोनवर आले आणि त्यांनी तेच विचारलं.

"हो सर," मी म्हणाले. "जाऊन आले."

"भेटली?"

"भेटली."

"काय म्हणाली?"

मला थांबता आलं नाही. मी म्हटलं, की ती म्हणाली, 'आप्पांचा काय दोष. आप्पांनी इचारलं तरी. दुसरं कोन इचारतं?'

पलीकडून कागद चाळवल्याचा आवाज आला आणि सर म्हणाले, "थांब, काकू पेन देतायत. पुन्हा सांग. तिच्या शब्दांत सांग."

मी पुन्हा सांगितलं, सावकाश, त्यांना लिहून घेता येईल असं.